चिमणी पडली, विमान आले, पुढे काय?

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळाने यंदा आंतरवर्गीय स्पर्धेसाठी विषय ठेवला होता : ‘विमानसेवेमुळे सोलापूरचा कायापालट होईल.’ चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझ्या वाट्याला अनुकूल बाजू आली. वक्त्याने बाजू निवडायची नसते, मिळालेली बाजू लढवायची असते, असे आमचे सर नेहमी सांगतात. मी ती लढवली. टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, ‘चादरीचे सोलापूर आता भरारीचे सोलापूर’ असे एक टाळीचे वाक्य ठोकून दिले. टाळ्या पडल्या. ढाल आमच्या वर्गाला मिळाली. ती आता ग्रंथालयाच्या कपाटात आहे, कोणीही पाहावी.

रात्री घरी गेलो. आमचे गाव होटगीच्या पलीकडे. वडिलांची पाच एकर जमीन, त्यात ऊस, आणि सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याचा एक शेअर आजोबांच्या वेळेपासून घरात. वडिलांनी विचारले, “कशावर बोललास?” म्हटले, “विमानसेवेवर.” “बाजूनं का विरोधात?” “बाजूनं.” यावर ते काही बोलले नाहीत. बॅटरी घेतली आणि मोटार चालू करायला शेताकडे निघून गेले. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती.

बोलले असते तर बरे झाले असते. त्या रात्रीपासून हा विषय डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख. सभागृहात सात मिनिटे होती, इथे संपादकांनी थोडी अधिक जागा दिली आहे.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. आमच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळाजवळच सिद्धेश्वर कारखाना आहे. त्या कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी विमानाच्या वाटेत येते, म्हणून विमानसेवा सुरू होत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. एक बाजू म्हणे, चिमणी विनापरवाना आहे, पाडा. दुसरी बाजू म्हणे, कारखान्यावर हजारो शेतकऱ्यांची चूल पेटते, बोरामणीचा नवा विमानतळ करा. बोरामणीला त्यासाठी जमिनीही घेतल्या गेल्या होत्या. पण तिथे वनजमीन आणि माळढोक हे प्रश्न उभे राहिले. कोर्टकचेऱ्या झाल्या, मोर्चे झाले, उपोषणे झाली. अखेर १५ जून २०२३ रोजी महापालिकेने पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात ती चिमणी स्फोटकांनी पाडली. काही सेकंदांचे काम. माझी बारावी नुकतीच संपली होती आणि याच महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन मी रांगेत उभा होतो. रांगेतल्या मुलांनी मोबाइलवर ते दृश्य पाहिले, काहींनी शिट्ट्या मारल्या. मी मारली नाही, पण मला फार वाईट वाटले असेही नाही. खरे सांगायचे तर मजाच वाटली. अठरा वर्षांच्या मुलाला पडणारी उंच वस्तू पाहायला आवडतेच.

घरी मात्र चूल पेटली नव्हती. आई म्हणाली, “सुतक पाळल्यासारखं करतायत.” त्या हंगामात ऊस कोणाला घालायचा, तोड वेळेवर मिळेल का, वाहतुकीचा खर्च किती वाढेल, याच गोष्टी आमच्या ओसरीवर रोज चालत.

गिरण्यांच्या चिमण्या पाहत वाढलेले हे शहर आहे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा चिमण्या आपोआप थंड झाल्या. चालू चिमणी मुद्दाम पाडण्याची ही गोष्ट मात्र वेगळी होती, आणि ती विमानतळासाठी पाडली गेली. म्हणून माझे म्हणणे असे, की हा विमानतळ इतर लहान गावांच्या विमानतळांसारखा नाही. त्याच्यावर कर्ज आहे. ते फेडण्याचा मार्ग एकच : नियमित, भरवशाची, सामान्य माणसाच्या उपयोगाची सेवा. तेवढी मिळाली तर आमच्या ओसरीवरचे सुतक निदान वाया गेले नाही असे म्हणता येईल.

पण सेवा म्हणजे काय, हेच आपण समजून घेत नाही. आपल्याकडे विमानतळ म्हणजे इमारत, काच, फरशी आणि कोनशिला. सोलापूरच्या नव्या रूपातल्या विमानतळाचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीने झाले. प्रवासी घेऊन पहिले विमान गोव्याहून आले ते ९ जून २०२५ रोजी. मधले आठ महिने आपल्याकडे विमानतळ होता, विमान नव्हते. एस.टी. स्टँडचे उद्घाटन होऊन आठ महिने एकही गाडी लागली नसती तर आपण काय म्हटले असते? पण विमानतळाचे नाव निघाले की आपली जीभ जरा अदबीने वागते. मुंबईची सेवा १५ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली आणि माझे भाषण त्या उत्साहाच्या लाटेवरच तरंगत होते.

माझा एक आतेभाऊ विमानतळावर ठेकेदाराकडे सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला आहे. भाषणाच्या आधी मी त्याला विचारायला हवे होते, नंतर विचारले. त्याच्याकडून आणि पुढे वाचनातून जे कळले ते मोठे मजेदार आहे. आपल्याला विमान दिसते. ते सुखरूप उतरावे म्हणून जमिनीवर जे चालते ते दिसत नाही. विमान येण्याच्या कितीतरी आधी जीपमधून धावपट्टीची टेहळणी होते. एखादा खडा, खिळा, मेलेला पक्षी पडला असेल तर उचलायचा, कारण इंजिनाला खड्याचे वावडे. वाऱ्याची दिशा दाखवणारी पट्ट्यापट्ट्यांची कापडी बाही फडकत असते. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडाला तोंड देऊन चढते आणि उतरते. आपल्याला पाठीवरचा वारा सोयीचा, विमानाला समोरचा. मनोऱ्यातला नियंत्रक वैमानिकाला वारा, दृश्यता, हवेचा दाब सांगतो. अग्निशमन दलाच्या लाल गाड्या तोंड धावपट्टीकडे करून उभ्या असतात. आंतरराष्ट्रीय दंडकाप्रमाणे त्यांना धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचता आले पाहिजे. गाड्या किती, पाणी किती, हे विमानाच्या लांबी-रुंदीवर ठरते. म्हणजे मोठे विमान आणायचे तर आधी बंब वाढवावे लागतात. माझ्या भाषणात ‘उद्या इथून दुबईला विमान जाईल’ असे एक वाक्य होते. त्या वाक्यात बंब नव्हते.

आणखी एक गोष्ट खास आपल्या सोलापूरची. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो. तेव्हा त्याच धावपट्टीवरून उडायचे तर कधी वजन कमी करावे लागते. म्हणजे उन्हाने माणूसच नव्हे, विमानही हैराण होते. आतेभाऊ मात्र म्हणतो, “विमानाचं राहू दे, त्या डांबरावर उभा राहून बघ एकदा.”

चिमणीचा हिशेबही मला आत्ता कळला. विमानतळाभोवती एक अदृश्य छत असते. धावपट्टीच्या आसपासच्या सुमारे चार किलोमीटरच्या टापूत ते पंचेचाळीस मीटर उंचीवर आडवे पसरलेले असते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडून तर ते अगदी जमिनीपासून तिरपे वर जाते, साधारण पन्नास मीटर दूर गेलात की एक मीटर उंच, इतक्या मंद चढाने. या छताला भोक पाडणारी प्रत्येक वस्तू विमानाच्या दृष्टीने अडथळा. मग ती चिमणी असो, मोबाइलचा मनोरा असो, नाहीतर बिल्डरचा बारावा मजला. चिमणी पाडणे तांत्रिकदृष्ट्या योग्य होते की नाही, यावर निकाल देण्याचा माझा अधिकार नाही. पण एक प्रश्न विचारतो. शेतकऱ्यांच्या चिमणीला लावलेली पट्टी आता होटगी रस्त्यावर आणि जुळे सोलापुरात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक इमारतीला लागेल ना? की ते छत फक्त उसाच्या बाजूनेच खाली येते?

आता पैशाचा विचार. लहान शहरांच्या विमानसेवेसाठी केंद्राची ‘उडान’ योजना २०१६ च्या ऑक्टोबरात आली. पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी निघाली आणि त्यांत आपले नांदेडही होते. योजना अशी, की काही खुर्च्यांचे भाडे मर्यादित ठेवायचे आणि त्यात कंपनीला येणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची. तीन वर्षांत प्रवाशांना सवय लागेल आणि सेवा आपल्या पायावर उभी राहील, ही अपेक्षा. झाले काय? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ सालच्या अहवालात आकडे आहेत. मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षे पुरी केली ती ११२ मार्गांनी. आणि मार्च २०२३ पर्यंत मुदतीनंतरही टिकून होते फक्त ५४. शंभर दिवे लावले आणि सात उजळले, असा हा हिशेब आहे. सिंधुदुर्गाच्या चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी केवढ्या थाटात झाले. पुढे मुंबईचे विमान कधी रद्द, कधी उशिरा, आणि २०२४ च्या अखेरीस ती सेवा बंदच पडली, हेही आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे.

सोलापूर-मुंबईसाठी राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये वर्षभर खुर्चीमागे सुमारे तीन हजार रुपयांची तूट भरून देण्याचे ठरवले. माझा याला विरोध नाही. इथे काही वाचक दचकतील. ऊसवाल्याचा मुलगा विमानाला अनुदान मागतो! पण तुटीतली सेवा चालवणे हे सरकारचे कामच आहे. आमच्या गावची एस.टी. तरी कुठे नफ्यात आहे? सकाळच्या गाडीला आम्ही कॉलेजची मुले पासवर बसतो आणि चार म्हाताऱ्या अर्ध्या तिकिटावर. तोटा होतो म्हणून ती गाडी बंद केली तर आमच्या गावातल्या सात मुलींचे शिक्षण त्याच दिवशी थांबेल. सात हा आकडा मी मोजून लिहिला आहे. तेव्हा तत्त्व मान्य, पण ते सर्वांना सारखे लावा. विमानाच्या रिकाम्या खुर्चीला ‘विकासाची गुंतवणूक’ म्हणायचे आणि एस.टी.च्या रिकाम्या खुर्चीला ‘तोटा’, हे दोन शब्दकोश एका राज्यात कसे चालतात, ते मला अर्थशास्त्राच्या सरांनी समजावून सांगावे.

आणि अनुदान द्यायचेच तर त्याच्या बदल्यात काय मागायचे? माझ्या मते वेळापत्रक. सोलापूर-मुंबई अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला पाठ टेकली की सकाळी मुंबई. दिवस मोडत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे. या गाड्यांशी विमानाने टक्कर द्यायची तर ते सकाळी लवकर गेले पाहिजे आणि संध्याकाळी परतले पाहिजे, म्हणजे टॉवेलचा व्यापारी, मंत्रालयात खेटे घालणारा शिक्षक, टाटा रुग्णालयात तपासणीला जाणारा रोगी काम उरकून त्याच रात्री घरी जेवेल. भर दुपारी निघणारे आणि आठवड्यातून काही दिवसच असणारे विमान हौसेचे ठरते, गरजेचे नव्हे. हौस फिटली की खुर्च्या रिकाम्या. अचानक रद्द होणारी सेवा तर नसलेल्या सेवेपेक्षा वाईट, कारण नसलेल्या सेवेच्या भरवशावर कोणी डॉक्टरची वेळ घेत नाही.

भाषणातल्या आणखी एका वाक्याची कबुली दिली पाहिजे. मी म्हणालो होतो, ‘आमची डाळिंबे विमानात बसून जगभर जातील.’ प्रचंड टाळ्या. प्रत्यक्षात, गोव्याहून येते त्या जातीच्या सत्तर-बहात्तर खुर्च्यांच्या विमानात माणसे आणि त्यांच्या बॅगा भरल्या की सात टनांच्या आसपासची त्याची सगळी ऐपत बहुतेक संपते. उरते ती जागा काही पेट्यांची. सांगोल्याच्या एका बागेतला एका दिवसाचा माल आमच्या गावच्या दहाचाकी ट्रकमध्ये सहज मावतो, या विमानात नाही. डाळिंबाला हवे आहे शीतगृह आणि बंदरापर्यंत जाणारी थंड गाडी. हे माझ्या वडिलांना ठाऊक होते. मला ढाल मिळाल्यावर कळले.

एका रविवारी मी आणि वर्गातले दोघे मोटारसायकलवरून विमानतळाच्या कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिलो. तिथे आमच्यासारखे वीस-पंचवीस लोक होते. कडेवर पोरे, हातात शेंगा. बाजूला कुत्री आणि कोणीतरी आणून टाकलेला हॉटेलचा कचरा, त्यावर कावळे आणि घारी. विमान दिसू लागले तशी पोरे ओरडली, बायकांनी डोक्यावरचा पदर सावरला, जणू वारा तिथवर येणार होता. ते उतरले, थांबले आणि अर्ध्या तासात पुन्हा उडाले. तेवढ्या वेळात आतेभाऊ आणि त्याच्या सोबत्यांनी सामान काढले, नवे भरले. कुंपणाबाहेरून तो मुंगीएवढा दिसत होता. लोक पांगले. शेंगांची टरफले आणि प्लास्टिकच्या पिशव्या तिथेच राहिल्या.

विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरे कापायला मनाई करणारा नियम आहे, हे मला नंतर वाचनात आढळले. कारण साधे आहे, घाणीवर घारी येतात आणि घार इंजिनात गेली तर काय होते ते सांगायला नको. दहा किलोमीटर म्हणजे किती? आपले महाविद्यालय, आपले वसतिगृह, सिद्धरामेश्वरांचा तलाव, गड्ड्याचे मैदान, बहुतेक सगळे शहर त्यात आले! म्हणजे सोलापूरचा विमानतळ त्या कुंपणाच्या आत संपत नाही. त्याचे अर्धे काम आपण करायचे आहे. संक्रांतीला नायलॉनच्या मांजाने पतंग उडवणारे, चायनीजच्या गाडीवरचा उष्टावळा नाल्यात ओतणारे, हे सगळे विमानतळाचे बिनपगारी कर्मचारीच म्हणायचे. शेतकऱ्यांना शहरासाठी चिमणी सोडा म्हणणाऱ्या शहराला पिशवीभर कचरा सोडवत नाही, हे मला फार लागले. त्या ढिगातली शेंगांची टरफले आमचीही होती, हे मान्य करतो.

स्पर्धेत प्रतिकूल बाजूच्या मुलीने एक साधा प्रश्न विचारला होता, “या सभागृहातले किती जण आजवर विमानात बसले आहेत?” चार हात वर झाले, त्यांतले दोन प्राध्यापकांचे. मी त्यावर ‘उद्या सगळे बसतील’ असे उत्तर देऊन वेळ मारून नेली आणि परीक्षकांनी मला हजरजबाबीपणाचे गुण दिले. आज मला वाटते, त्या प्रश्नाला असे झटकायला नको होते. सगळे बसतील असे नाही, आणि सगळ्यांनी बसलेच पाहिजे असेही नाही. पण न बसणाऱ्यांच्या खिशातूनही त्या खुर्चीचे पैसे जातात. आणि आमच्या तालुक्यातल्या काही घरांनी तर पैशाहून जास्त दिले आहे. तेव्हा विमान किती दिवस आले, किती दिवस रद्द झाले, किती खुर्च्या भरल्या, किती अनुदान गेले, हे दर महिन्याला एका साध्या फळ्यावर मराठीत लिहून विमानतळाच्या फाटकाबाहेर लावावे. फाटकाबाहेर, आत नव्हे. आत जायला तिकीट लागते. साखर कारखाना हंगामात रोजचे गाळप आणि उतारा फळ्यावर लिहितो. वडील येता-जाता तो फळा वाचायचे आणि घरी येऊन आकडा सांगायचे.

माझे हे शेवटचे वर्ष. वादविवाद मंडळाने पुढच्या वर्षी हाच विषय पुन्हा ठेवावा, अशी विनंती आहे. तोवर अनुदानाचे एक वर्ष सरलेले असेल आणि बोलणाऱ्यांच्या हाती टाळीच्या वाक्यांऐवजी आकडे असतील. मी माजी विद्यार्थी म्हणून मागच्या बाकावर येऊन बसेन. वडिलांनाही आणायचा विचार आहे. ते येतील का, सांगता येत नाही. ऊसतोडीचे दिवस असतात.